लहान मुलांचं टेबल

लॅबमध्ये तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिच्याआधी तिथं थोरली होती. थोरलीला रक्त काढण्याच्या कामात बावीस वर्षं झाली होती, धाकटीला सहा. त्या सहांतली चार वर्षं धाकटी लहान मुलांच्या टेबलावर होती. गुबगुबीत मनगट, त्यावर एक खळी आणि त्या खळीखाली कुठंतरी दोऱ्याएवढी निळी रेघ. ती रेघ धाकटीला डोळ्यांआधी बोटांना दिसायची. मूल रडायला तोंड उघडेपर्यंत नळी निम्मी भरलेली असे. आयाबाया फोन करून विचारायच्या, त्या हलक्या हाताच्या बाई कधी असतात?

मग तिला स्वतःला मुलगी झाली आणि आठ महिन्यांनी ती कामावर परतली. बोटं तीच होती, शिरा सापडतही होत्या. पण सुई हातात घेतली की नेमक्या टोचायच्या क्षणी तिचं टोक थरथरायचं. तीळभरच. पण तान्ह्या मुलाची शीर तरी तीळभराहून मोठी कुठं असते?

लॅबचा एक नियम होता. एका माणसानं दोनदाच टोचायचं. दोनदा जमलं नाही तर काही न बोलता बाजूला व्हायचं आणि दुसऱ्यानं पुढं यायचं. चार वर्षांत धाकटीवर बाजूला व्हायची वेळ एकदाच आली होती. परतल्यापासूनच्या पहिल्याच आठवड्यात ती दोनदा आली.

डॉक्टर रागावले असते तर तिला भांडता तरी आलं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, मुलीची चौकशी केली आणि मग म्हणाले की काउंटरवर आणखी एक जागा रिकामी आहे, बसून काम आहे, काही दिवस तिथं बसा. काही दिवस म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं. आत्ता काउंटरवर असलेल्या बाईसुद्धा महिन्याभरासाठीच तिथं बसल्या होत्या, त्याला आता सहा वर्षं झाली. हात एकदा सुटला की सुटलाच. तिनं पुढच्या शनिवारपर्यंतची मुदत मागितली. डॉक्टरांनी ती दिली, पण तोंड असं केलं की जणू रडणाऱ्या मुलाच्या हातात खुळखुळा देतायत.

घरी नवऱ्यानं सांगितलं, टेन्शन घेऊ नकोस. तिनं विचारलं की टेन्शन भाजीसारखं पिशवीत घालून घेतात का, की नको म्हटलं आणि परत ठेवलं. तो हसला आणि भांडी घासायला गेला. तेवढी मदत खरी होती.

धाकटीची एक खोड होती, बघत राहायची. मुलगी झाल्यापासून ती जास्तच वाढली होती. झोपलेल्या मुलीचं पोट वर-खाली होतंय की नाही, हे ती दिवसातून दहा वेळा बघायची आणि सासूबाई म्हणायच्या, अगं, ती श्वास घेतेय, तू घे. सोमवारी तिनं तीच खोड कामाला लावली. आपलं टेबल आवरता आवरता ती दिवसभर थोरलीकडं बघत राहिली.

थोरली हात धुताना नळाखाली मनगटं जरा जास्तच वेळ धरायची. गार पाणी मनगटांवरून वाहू द्यायची आणि तेवढा वेळ तिचे खांदे खाली आलेले असायचे. स्टुलावर बसली की चपला काढून दोन्ही पावलं फरशीला टेकवायची. आणि बोलायची. थोरलीच्या तोंडाच्या पट्ट्याबद्दल लॅबमध्ये सगळे हसत, पण धाकटीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की ती सगळ्यात जास्त कधी बोलते. सुई आत जाताना. घरमालकानं पाण्याची टाकी धुतली नाही, धाकट्या जावेनं पडदे हिरवे घेतले, बसची वेळ बदलली... आणि या वाक्यांच्या मधोमध शीर लागून गेलेली असायची.

दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, ताई, तुम्ही टोचताना का बोलता?

"मी कधी बोलत नाही ते विचार," थोरली म्हणाली. "कंटाळा येतो गं गप्प बसून."

थोरलीला कारण माहीतच नव्हतं. पण धाकटीला ते कळलं, कारण तिच्यात नेमकं उलटं घडत होतं. ती मन लावून, तोंड मिटून काम करणारी. हात स्थिर राहावा म्हणून टोचताना ती श्वास रोखून धरायची. शिकताना सगळेच तसं करतात, कुणी शिकवत नाही, आपोआप होतं. आधी तो श्वास क्षणभरच थांबायचा, तेव्हा चालून जायचं. आता मात्र मूल टेबलाजवळ आलं की तो थांबायचा आणि मूल दाराबाहेर गेल्यावर सुटायचा. हवा कोंडली की छाती आवळते, छाती आवळली की खांदा, खांद्यामागून कोपर, आणि शेवटी सगळी थरथर त्या सुईच्या टोकावर. बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. एवढीच थोरलीची विद्या होती.

मंगळवारी तिनं थोरलीची नक्कल केली. पाच वर्षांच्या एका मुलीला टोचताना तिच्या बाबांना विचारलं की तुमच्याकडं पाणी कसं येतं. ते म्हणाले, नळानं. यावर पुढं काय बोलावं हे धाकटीला सुचेना आणि सुई आत जाताना श्वास पुन्हा जागच्या जागी अडकला. शीर दुसऱ्यांदा टोचल्यावर मिळाली. पलीकडून थोरली म्हणाली, "तू गप्पच बरी."

बोलणं आपल्याला जमायचं नाही, हे त्या दिवशी नक्की झालं. पण सुई आत जाताना श्वास बाहेर पडत असला पाहिजे, हेही नक्की होतं. मग तो कसा सोडायचा, एवढाच प्रश्न उरला.

उत्तर मिळालं गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी. मुलीची नखं वाढली होती. सासूबाईंनी तिला मांडीवर धरलं आणि धाकटी इवल्याशा कात्रीनं एकेक नख कापत होती. काम सुईपेक्षा काही सोपं नव्हतं. बोट तांदळाएवढं आणि मुलगी वळवळी. पण दहाही बोटं झाली तरी हात हलला नव्हता. सासूबाई हसून म्हणाल्या, नखं कापतेस की दूध गार करतेस? तेव्हा तिच्या लक्षात आलं. कापलेलं नख उडून जावं म्हणून ती प्रत्येक बोटावर हळू, लांब फुंकर घालत होती आणि त्या फुंकरीतच कात्री चालवत होती. तिनं लगेच स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी संथ होती. मग मुद्दाम श्वास कोंडून पाहिला, तर ठोके दणदण वाजू लागले. पुन्हा ओठांचा चंबू करून लांब फुंकर घातली. तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला ठोके आपलं आपलं खाली आले. शुक्रवारी तिनं हे मोठ्या मुलांवर करून पाहिलं. अकरा मुलं, अकरा वेळा टोचणं.

शनिवारी सकाळी एक बाई सात महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. मूल असं गुटगुटीत की मनगटावर दोरा बांधल्यासारख्या वळ्या. आधीच्या एका ठिकाणी त्याला तीनदा टोचलं होतं, त्याचे डाग दोन्ही हातांवर होते. टेबल बघताच ते किंचाळायला लागलं. आईनं त्याला इतकं घट्ट आवळलं होतं की तिची बोटं पांढरी पडली होती. डॉक्टर काही कागद घ्यायला आले आणि दारातच थांबले. थोरली मान वळवून बघू लागली.

धाकटीनं फुंकर घातली, सुई टोचली. हात हलला नाही, पण मूलच हललं. शीर निसटली.

आता एकदाच टोचता येणार होतं. एरवी अशा वेळी ती घाईनं दुसरी सुई उचलायची. आज तिनं आईला टोचलेल्या जागी कापसाचा बोळा धरून ठेवायला सांगितलं, हातमोजे काढले आणि नळाकडं गेली. गार पाणी मनगटांवरून वाहू दिलं. बाहेर कुणीतरी कुरकुरलं की नंबर पुढं सरकत नाही. सरकेल, असं म्हणून ती परत आली, चपला काढल्या, नवे हातमोजे चढवले. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल मुलाच्या मुठीभोवती गुंडाळला. गार हाताची शीर आत दडते, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिच्या जे नव्यानं लक्षात आलं होतं ते वेगळंच होतं. तिचा एकटीचा श्वास सुटून भागणार नव्हतं. आईनं श्वास कोंडला होता, म्हणून तिचं अंग लाकडासारखं झालं होतं, आणि त्या लाकडाला टेकलेलं मूल निवांत कसं होणार?

"किती वेळ झाला तुम्ही श्वास सोडला नाही?" तिनं विचारलं.

बाई गोंधळली. "मॅडम, मला काही होत नाहीये. तुम्ही याचं बघा."

"याचंच बघतेय. दात सोडा आधी. खांदे खाली. आता याच्या केसांवर फुंकर घाला, गरम दुधावर घालतो तशी. घाई नाही, लांब. मी पण घालते."

दोन बायका एका मुलावर फुंकर घालू लागल्या. पहिल्या दोन वेळा आईची फुंकर तुटली. तिसरी लांबली आणि तिचे हात सैल पडले. पोराला हा काय प्रकार आहे ते कळेना. कपाळावरचे केस उडतायत, समोरची बाई तोंडाचा चंबू करून बसलीय. ते रडायचं विसरून टकामका बघायला लागलं. धाकटीनं रुमाल काढला, बोट फिरवलं. रेघ वर आली होती. फुंकर अर्ध्यात असताना सुई आत गेली आणि नळीत लाल थेंब उतरला, मग दुसरा, मग धार.

मूल रडलं ते बोळा लावल्यावर, आणि तेही औपचारिक. आईचे डोळे भरून आले. घरी जाऊनही असंच करायचं का, तिनं विचारलं. धाकटी म्हणाली, जेव्हा जेव्हा तुमचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले सापडतील तेव्हा करा, हे काही दुकानातून आणावं लागत नाही.

डॉक्टर अजून दारातच होते. ते काही बोलायच्या आत धाकटीच बोलली.

"सर, मी काउंटरवर बसणार नाही. मला हेच टेबल पाहिजे. आणि एका मुलामागं पाच मिनिटं जास्त पाहिजेत."

"रांग वाढेल," डॉक्टर म्हणाले.

"दुसऱ्यांदा टोचण्यात जातो तो वेळ धरलात का?"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग पायऱ्या उतरणाऱ्या त्या मायलेकरांकडं. मूल आईच्या खांद्यावरून लॅबच्या पाटीकडं बघत होतं. महिनाभर बघू, ते म्हणाले, आणि महिन्यानं मला आकडे दाखवा. दाखवते, ती म्हणाली, आणि लाळेरं सारखं करणाऱ्या पुढच्या आईला खुर्ची पुढं सरकवून दिली.