बोगद्याच्या तोंडाशी

भुयारी रेल्वेच्या स्टेशनात माइकवरून सूचना देणाऱ्या बाईनं त्या दिवशी सासूला कामावर आणलं होतं. नवरा परगावी होता. सासूला वर्षभरापासून काही आठवेनासं झालं होतं, तिला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. अर्धाच दिवस तर काढायचाय, असं स्वतःला समजावत तिनं म्हातारीला केबिनमधल्या खुर्चीवर बसवलं.

बाराच्या सुमारास तिनं मागं वळून पाहिलं, तर खुर्ची रिकामी आणि दार सताड उघडं.

ती ताडकन उठली. शेजारी कॅमेऱ्याच्या पडद्यांसमोर बसलेल्या पहारेकऱ्यानं एका चौकोनावर बोट ठेवलं. फलाटाच्या पार टोकाला, कामगारांसाठीचं बुटकं फाटक ढकलून सासू पायऱ्या उतरली होती आणि बोगद्यात शिरत होती. भिंतीला धरून, सावकाश, भाजी आणायला निघाल्यासारखी. रुळालगत विजेची पट्टी होती. तिला पाय लागला की संपलं.

पहारेकऱ्यानं नियंत्रण कक्षाला फोन लावला. गाडी मागच्या स्टेशनात रोखून धरली, पण वीज तोडायला दोन मिनिटं लागतील म्हणाले. माणसं धावत सुटली होती, पण फलाट लांबलचक.

तिनं माइक चालू केला. "आई, मागं फिरा. मी बोलतेय."

आवाज स्टेशनभर घुमला. प्रवासी माना वर करून बघायला लागले. म्हातारी मात्र थांबली नाही. गेला महिनाभर ती सुनेला ओळखतच नव्हती. तिच्या तोंडी सारखी एकच, लहानपणी वारलेली धाकटी बहीण.

सुनेनं माइक तोंडाजवळ ओढला. मग आपोआपच तिचा आवाज बारीक, रडवेला झाला.

"ताई, थांब ना गं. मला भीती वाटतेय."

ते काही सोंग नव्हतं.

पट्टीपासून वीतभर अंतरावर म्हातारीचा पाय अधांतरी थांबला. तिनं तो मागं घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि अंधारात हात पुढं केला.

"बोलत राहा," पहारेकरी पुटपुटला. ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

वीज गेली, आणि दोघा कर्मचाऱ्यांनी म्हातारीला धरून वर आणलं. सून धावत गेली. म्हातारीनं काजळीनं माखलेल्या हातात तिचा हात गच्च धरला.

"एवढ्याशानं घाबरतात का?" ती म्हणाली.

गाडीला उशीर झाला म्हणून लोक कुरकुरत होते. त्यांना सूचना द्यायला पहारेकरीच माइकवर बसला. सून फलाटावरच फतकल मारून बसली होती. तो हात सोडवून घ्यायचं धाडस तिला होत नव्हतं.