काचेवरचा जांभळट ठसा

२१ ऑक्टोबर. सकाळी दाट धुकं, वारा पडलेला, दुपारपर्यंत ऊन नाही.

माझ्या पाकिटावर एवढंच लिहिलंय. मी एक अळंबी बोलतेय. सुकलेली, कागदाच्या घडीत पहुडलेली. मुक्काम वनस्पती-संग्रहालय, कपाट नऊ, खण चार.

माझं खरं अंग निराळंच होतं. संग्रहालयाच्या बागेच्या मागच्या कोपऱ्यात पडलेल्या ओंडक्याच्या पोटात मी वर्षानुवर्षं पांढऱ्या धाग्यांनी पसरले होते. झाडाला फळ यावं तशी बाहेर फक्त माझी जांभळट टोपी यायची.

मला पाहिलं ते संग्रहालयातल्या बाईंनी. गुडघे टेकून, श्वास रोखून त्या बघतच राहिल्या. दोन टोप्या खुडल्या. एक, म्हणजे मी, कोमट हवेत सुकवली. दुसरी काचेवर ठेवली. तिच्यातून बीजाणू, म्हणजे आमचं धुळीसारखं बी, झरले आणि काचेवर जांभळट ठसा उमटला. माझ्यासारखी अळंबी आणखी कुठेच नोंदलेली नाही, हे त्यांना महिनाभर पुस्तकं चाळल्यावर कळलं.

खणात शेजार मोठा छान आहे. एक बर्फाच्या कडेची, एक वाळूखालची, एक किड्याच्या पाठीवर वाढलेली. कित्येकींना अजून नावच नाही. आम्ही झोपेतच एकमेकींच्या जंगलांत हिंडून येतो.

बाईंचे वडील त्याच बागेचे माळी. बाईंनी त्यांना सांगितलं, "बाबा, मंगळवारी लांबून जाणकार येतायत, मागचा कोपरा बघायला."

मंगळवारी सगळे तिथे पोचले, तर माती फणीने विंचरल्यासारखी, आणि फुलांच्या कुंड्यांची रांग!

"बाबा, ओंडका कुठाय?"

"काय अवतार होता त्याचा! फोडून जाळला. चार माणसं येणार, जागा नको का लख्ख?"

बाईंनी मूठभर माती उचलून पाहिली. "ती माणसं ओंडकाच बघायला आलीत, बाबा."

"कुजलेलं लाकूड?" बाबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. कुणीच हसलं नाही. हातातला खराटा त्यांनी हळूच पाठीमागे लपवला.

आता उरला होता तो काचेवरचा ठसा. बाईंनी तो खरवडून बारा बशांत पेरला. बाबा रोज काम संपवून यायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि दारातूनच विचारायचे, "आज काही?"

"नाही, बाबा."

"हं. बागेत काडी उचलायची तरी आता तुझी सही घेतो."

"अंगठाही चालेल," बाई म्हणायच्या, पण बशांवरून नजर काढायच्या नाहीत.

वादळात पडलेलं एक खोड बाबांनी त्याच कोपऱ्यात आणून टाकलं. कुंड्या हलवल्या. खोडाला ते रोज झारीने पाणी घालतात. येणारेजाणारे हसतात, म्हणे म्हाताऱ्याला भ्रम झालाय.

मी हे सगळं घडीतून ऐकते. मला आता ओल लागत नाही, धागे फुटत नाहीत. तुम्हाला एवढंच सांगते, पडलेलं खोड दिसलं तर जरा पडू द्या. आत कुणीतरी राहत असेल.

१२ जानेवारी. आकाश निरभ्र, हवेत गारवा. अकरा बशा कोऱ्या. सातव्या बशीत एक पांढरा धागा, लांबी चार मिलिमीटर.