मचूळ टाकीतले खेकडे

प्रयोगशाळेत सगळे तिला खेकडीण म्हणत. चिमटा काढल्याशिवाय बोलायचीच नाही, म्हणून. घरी सासूबाईही कमी नव्हत्या. "खेकड्यांचं पोट बिघडलं की हिच्या जिवाला घोर, आणि माझं दुखलं की ओवा खा म्हणते!"

या वेळी मात्र खेकड्यांचं पोट खरंच बिघडलं होतं. एकाच जातीचे खेकडे तिने दोन टाक्यांत वाढवले होते. एकीत समुद्रासारखं खारट पाणी, दुसरीत मचूळ, अगदी कमी मिठाचं. खाणं दोघांना सारखंच. तिच्या मार्गदर्शक सरांनी एकदा मचूळ टाकीत डोकावून पाहिलं, तर खाण्याचा वाडगा चाटूनपुसून रिकामा. झालं! सर हरखले आणि खेकडे पाळणाऱ्या तळेवाल्यांना सांगून मोकळे झाले, की कमी मिठाच्या पाण्यातही खेकडे झकास पोसतात. अहो, वाडगा रिकामा झाला म्हणजे खाल्लेलं अंगी लागलं, असं कुठे असतं का?

तिने खेकडे बर्फात सुन्न केले, उघडून पाचकग्रंथी काढली, बर्फावरच वाटली आणि त्यातल्या एन्झाइमांचा जोर मोजला. मचूळ टाकीतल्यांचा पाचकरस अगदीच मवाळ निघाला. अंगातलं मीठ टिकवता टिकवताच बिचारे मेटाकुटीला आलेले, पचवायला बळ कुठून आणणार? हावऱ्यासारखं खायचे आणि कवचाखाली पोकळच राहायचे.

"तुझा बर्फ वितळला असेल," सर म्हणाले. "रस नासला, दुसरं काय."

तिने सगळं नव्याने केलं. पुन्हा तेच. मग सरांना शेजारी उभं करून केलं. उत्तर बदललं नाही. सरांचा आवाज तेवढा बदलला.

"ती टाकी वगळून टाक. नाहीतर तुझ्या प्रबंधावर माझी सही विसर."

इतक्या वर्षांची मेहनत एका सहीवर लटकली होती. घरी आल्यावर तिला रडू फुटलं. भीतीचं कमी, संतापाचं जास्त. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तू गप्प बसलीस तर काय होईल?"

"लोक मचूळ तळ्यांत खेकडे सोडतील, आई. खाऊ घालून घालून थकतील, आणि खेकडे मरतील."

"मग गप्प कशाला बसतेस? घरात तर माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस!"

तळेवाल्यांच्या बैठकीत सर रंगात आले होते. मचूळ पाण्याचे गोडवे गाऊन झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आमचं तळं तसलंच आहे. सोडू का खेकडे?"

"बेलाशक सोडा," सर म्हणाले.

"सोडू नका!" खेकडीण उभी राहिली. आवाज खणखणीत होता. "खेकडे मी वाढवलेत, मी तपासलेत. त्या पाण्यात ते खातात, पण त्यांना पचत नाही."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "खाली बस! नाहीतर आजपासून तू माझी विद्यार्थिनी नाहीस."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बरं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून मागच्या रांगेतल्या बाईंसमोर बसली. "हं, सांगा. तुमच्या तळ्याला खारं पाणी कुठून आणता येईल?"