हलके हलके

स्वयंपाकघरात पळी टोपाच्या कडेला खणकली. माझ्या नवऱ्याच्या, सुदर्शनच्या, दंडाभोवती मी टेप धरली होती. बावीस सेंटीमीटर. पंधरा दिवसांपूर्वी त्याला दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा पंचवीस होतं.

गुरुवारपर्यंत माप वाढलं नाही तर पुन्हा भरती करायचं, असं आहारतज्ज्ञ निशा मॅडमनी बजावलंय. पाचोडच्या रस्त्यावर गाडीवरून पडून डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्याचं जेवण नाकातल्या नळीतून. नाचणी, दूध पावडर, अंड्याचा पांढरा भाग, तेल, सगळं मापात घेऊन मी सकाळीच करून ठेवते आणि शहागंजातल्या दुकानावर कामाला जाते. दिवसाच्या चारही वेळा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, देतात. आज, रविवारी, पहिल्यांदाच सुट्टी मिळाली म्हणून मी घरी.

आत गेले तर आत्या टोपात तांब्याभर पाणी ओतत होत्या.

“आत्या, हे काय?”

“लई दाट करतीस बाई. खीर हाय का सिमेंट?” त्या हसल्या. “दवाखान्यातनं निघताना सिस्टर म्हनली व्हती ना, अम्मा, हलके हलके डालो. मी हलकंच देते. अर्धं पानी, अन् वरून गाळून.”

“रोज?”

“व्हय. एक दिस चुकले नाय.”

मी ओरडलेच. “अहो, ती तिच्या दखनी बोलीत बोलली! हलके हलके म्हणजे हळूहळू. नळीत घाईनं ओतू नका, एवढंच!”

आत्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “मंग... पंधरा दिस मी माझ्या लेकराला पानीच पाजलं?”

मी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर.

“आता एकदम दाट देऊ नका,” त्या घाईनं म्हणाल्या. “इतक्या उपासावर अचानक भरपूर पडलं तर रक्तातले क्षार बिघडतात, जिवावर बेततं. लगेच घेऊन या, रक्त तपासून मग वाढवू. डोक्याला मार लागलेला माणूस पडल्या पडल्याही जास्त ऊर्जा जाळतो. बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःलाच खातं.”

मी अॅम्ब्युलन्सचा नंबर शोधायला लागले. आत्या सुदर्शनच्या पायाशी जाऊन बसल्या, त्याच्या पोटऱ्या चाचपत.

आमची चार वर्षांची श्रेया फोनवरचं सगळं ऐकत दारात उभी होती. सकाळपासून तिनं त्याला तीनदा हाक मारली होती. तो छताकडेच बघत होता.

“आई,” तिनं माझी ओढणी धरली, “मला ओळखायचं, ते पण बाबांनी खाऊन टाकलं का?”