बिनगाठीचा अँकर

आमच्या पोलगॅरो गावात 'अँकर' म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला? हेडलीकाकांचा पब म्हणजे अँकर. बसवाल्यानं कचकन ब्रेक दाबला की त्यानं अँकर टाकला म्हणतात. होडीचा नांगर तर असतोच, आणि चर्चमागे बुडालेल्यांच्या थडग्यांवर कोरलेला तोही अँकरच. रस्सीखेचीत सगळ्यांच्या मागे, दोर अंगावर घेऊन उभा राहतो त्या माणसालाही अँकरच म्हणायचं. त्या ऑगस्टमध्ये मात्र कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांच्या डोक्यात एकच होता, माझ्या आजोबांच्या होडीचा, आणि तो अकरा वर्षं खाडीपलीकडच्या गावात, ट्रेव्हानावाल्यांच्या दारात पडला होता.

आजोबा समुद्रात गेले तेव्हा बाबा नऊ वर्षांचे, त्याच होडीवर होते. होडी परत आली, बाबा परत आले, आजोबा आले नाहीत. त्यांची आठवण म्हणून होडीचा अँकर गावानं ट्रेव्हानाशी होणाऱ्या रस्सीखेचीला बक्षीस म्हणून लावला. कुठल्या शहाण्याची कल्पना होती देव जाणे! जिंकणाऱ्याच्या दारात तो वर्षभर राहायचा, आणि ओळीनं बारा वर्षं जिंकलं तर कायमचा. यंदा बारावं वर्ष होतं.

त्यातच हेडलीकाकांची कंबर धरली. अकरा वर्षं तेच आमचे अँकर. त्यांच्यानंतर गावात जड म्हणजे माझे बाबा, पेरन नान्स. आयुष्यात त्यांनी कधी या खेळाला हात लावला नव्हता.

"मला नका ओढू यात," बाबा म्हणाले. "हात जोडतो."

"तुमच्या वडिलांचा अँकर आहे तो!" मी ओरडले. "त्यावर ट्रेव्हानाची कुत्री तंगडी वर करतात, ते चालतं?"

बाबा बूट शोधायला गेले. मला वाटलं, आळशी माणूस शेवटी हलला. संघाला आवाज देण्याचं काम माझं होतं. धक्क्यावर बांगडे विकून कमावलेला घसा आहे माझा, पलीकडच्या काठापर्यंत जातो.

खाडीच्या मधोमध ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो, जेमतेम दोन तास. शर्यत तिथेच होते. तीनपैकी दोन ओढी जिंकायच्या. भरतीचं पाणी मधल्या रेघेवर आलं आणि निकाल लागला नसला, तर अँकर आहे तिथेच राहतो. दोन्ही गावं होड्यांतून उतरली. पंच होत्या रोझविअरबाई. दोन्ही गावांतल्या प्रत्येकाला त्यांनी छडी मारलेली, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

"दोर उचला! ताणा! ओढा!"

पहिली ओढ आम्ही चुटकीसरशी जिंकली. बाबा खडकासारखे बसले होते, जागचे हलले म्हणून नाहीत. मी नाचले, हेडलीकाकांनी काठी फेकून दिली. आणि बाई चालत बाबांच्या मागे गेल्या.

"पेरन, पाठ दाखव."

नियम सोपा आहे. अँकरनं दोर पाठीवरून, खांद्यावरून घ्यायचा, टोक काखेतून मागे मोकळं सोडायचं. गाठ मारायची नाही. बाबांच्या कमरेला गाठ होती. एका हातानं, न बघता मारलेली, कोळ्याची गाठ.

"सुरेख गाठ आहे," बाई म्हणाल्या. "ओढ रद्द. ट्रेव्हानाला एक."

पलीकडून त्यांचा अँकर हॉकिंग, पेशानं दूधवाला, ओरडला, "काय पेरन, बुटाची नाडी बांधून देऊ का रे?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाबा, डोकं फिरलंय का तुमचं? शंभरदा सांगितलं होतं!"

"मी नाही मारली, टॅम. हातांनी मारली." ते आपल्या हातांकडे बघत होते. "त्या दिवशी तुझे आजोबा जाळं सोडवायला बाहेर वाकले. कमरेला दोर होता, टोक माझ्या हातात दिलं. म्हणाले, धर. मी नुसतं धरलं. बांधलं नाही."

मी तेव्हा चोवीसची होते. चोवीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सैल दोर दिसला की बाबा जाता-येता बांधून टाकायचे, लोकांच्या होड्यासुद्धा, आणि मी त्यावरून त्यांना चिडवत आले होते. मला स्वतःची लाज वाटली.

पण पाणी चढत होतं. दुसऱ्या ओढीला मी संघाच्या पुढे न थांबता बाबांच्या मागे, मोकळ्या टोकाजवळ जाऊन उभी राहिले. स्पर्श करायची परवानगी नाही, बघायची आहे.

"टोक माझ्यासमोर आहे, बाबा. मी बघतेय. तुम्ही नुसतं धरा."

दुसरी ओढ आम्ही जिंकलो. कशी, ते विचारू नका, मी श्वास घेतला नव्हता.

तिसऱ्या वेळी लाट रेघेपासून दोन हातांवर होती. "ओढा!" दोर ताठ झाला आणि कुणीच हलेना. एक लाट आली, रेघेला शिवली नाही, पण आमच्या टोकाला घोट्यांना लागली. आमचे दोन गडी घसरले, सगळा संघ फूटभर पुढे गेला. दोर बाबांच्या खांद्यावरून करकरत सरकायला लागला. त्यांचा डावा हात मागे आला. बोटांनी टोक पकडलं, वळसा घेतला.

"बाबा!" अख्ख्या खाडीनं ऐकलं असेल. "बांधू नका! धरा! तुम्ही धरू शकता!"

बोटं थांबली. मग उघडली. वळसा सुटून टोक माझ्या पायाशी पाण्यात पडलं. बाबांनी तो हात पुढे नेला, दोराला लावला आणि मागे रेलले. एक पाऊल. पुढच्या सातांना ते कळलं असावं, कारण सगळे एकदमच रेलले. "आणखी! आणखी! हूऽऽप!" हॉकिंग तोंडावर पाण्यात आपटला आणि बाईंनी आमच्या बाजूचा हात वर केला. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

संध्याकाळी होडीतून आजोबांचा अँकर आला. सहा जणांनी उचलून पबच्या दारात ठेवला. गंजलेला, एक फाळ वाकडा.

"बांधून टाक रे," हेडलीकाका म्हणाले. "ट्रेव्हानाची पोरं पळवतील."

बाबांनी अँकरच्या कडीतून दोर ओवला, टोक माझ्या हातात दिलं.

"धर," म्हणाले.

 मी दोन्ही हातांनी धरलं. मग बाबा गुडघ्यावर बसले आणि भिंतीतल्या कडीला त्यांनी सावकाश, दोन्ही हातांनी, बघत बघत गाठ मारली.