बंद केलेला पंखा

नवरा गेल्यावर कोणी माहेर गाठतं, कोणी अंथरूण धरतं. ही बाई रोपांच्या खोलीत जाऊन बसायची. आता खोली म्हणायचं म्हणून, होतं ते मोठं कपाटच. पांढऱ्या भिंती, डोक्यावर दिवे, मांडणीवर तंबाखूची रोपं आणि कोपऱ्यात एक स्टूल. रोपं कागदोपत्री संशोधन संस्थेची, जिथे नवरा-बायको दोघंही कामाला, पण खरी नवऱ्याची. "दादाने जन्मात विडीला हात लावला नाही आणि उभा जन्म तंबाखूपायी घातला," असं त्याची बहीण चिडवायची. ती तिथेच यंत्रं सांभाळायची. हिची नणंद, आणि अर्ध्या भांडणांची सोबतीण.

पानात एक एन्झाइम असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि साखरेच्या वाटेला लावायचा, हे त्याचं काम. काम लाखमोलाचं, पण गडी मुलखाचा मंद आणि वर धांदरट. पकडायचं सोडून मध्येच ऑक्सिजनच धरून बसतो, आणि ती चूक निस्तरण्यात झाडाची बरीच कमाई पाण्यात जाते. नवरा त्याला 'जावईबापू' म्हणायचा. "हाकलता येत नाही गं, सगळ्या जगाचं जेवण त्याच्या हातात. सुधारूनच घ्यायला हवा."

त्याने सुधारलाही. पण जावईबापू चपळ झाले तसे आणखी धांदरट झाले. कार्बन डायऑक्साइड भरपूर सोडलेल्या पेटीत रोपं झकास, साध्या हवेत पिवळी. शेवटचा बदल त्याने दवाखान्यातून सुचवला. हिने तो रोपांत उतरवला. रोपं मातीतून वर यायच्या आत तो गेला.

आणि ही रोपं साध्या हवेत तरारली! पानं तळहाताएवढी झाली. "जिंकलास रे बाबा," म्हणून ती तिथेच ढसाढसा रडली. मग रोजचंच झालं. डबा तिथे, लॅपटॉप तिथे. नळ गळतोय, तुझा चष्मा सापडला, सगळं त्या रोपांना सांगायचं. बाहेरची हवा आत आणणारा पंखा तेवढा मेला घरघरायचा. बसली की ती तो बंद करायची आणि निघताना आठवणीने लावायची.

एका दुपारी नणंद दिवा बदलायला आली. तिच्या खिशातलं हवा मोजायचं यंत्र दारातच कोकलायला लागलं. खोलीचा स्वतःचा मापक होता, पण तो बाहेरची हवा येते त्या नळीत बसवलेला. तो बिचारा बाहेरचंच सांगायचा.

"वहिनी, पंखा बंद का?"

"डोकं उठवतो गं माझं."

"रोज बंद करतेस?"

हिने यंत्रावरचा कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहिला, बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. बंद खोलीत माणूस बसलं की श्वासातून तोच वायू सोडत राहतं. शाळकरी पोर सांगेल! आणि हिने, केस पिकेपर्यंत हेच काम केलेल्या बाईने, रोज तिथे बसून रोपांना स्वतःचा श्वास पाजला होता.

नणंदेने दार लोटून घेतलं. "मी कोणाला बोलणार नाही. दादाच्या नावाने शोधनिबंध जाऊ दे. त्याचं शेवटचं काम आहे गं."

"आणि उद्या शेतात?" ती म्हणाली. "प्रत्येक रोपाशेजारी एकेक विधवा नेऊन बसवायची?"

नणंदेला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

मग खोलीत कोणी जायचं नाही असं ठरलं. पंखा अखंड चालू. ती दाराच्या काचेतून बघायची. मनात एकच धोशा, टिकू दे रे, माझ्यावाचून टिकू दे. आधी खालची पानं फिकटली, मग मधली. शेवटी शेंडे माना टाकून बसले. नवऱ्याचं उत्तर चुकलं होतं आणि ते दुरुस्त करायला तो नव्हता. तसं तिने स्वतःच्या हाताने लिहून संस्थेला कळवलं.

असली जनुकं बदललेली रोपं बाहेर टाकता येत नाहीत, वाफेच्या भट्टीत घालून मारावी लागतात. ज्या दिवशी ती न्यायची होती, त्या दिवशी नणंद गाडा घेऊन आली आणि दाराशी अडून राहिली.

"दादा दवाखान्यात गेला तेव्हा गेला असं वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. "आज जातोय गं तो."

नणंदेने गाडा बाजूला सारला. ज्या बाईने चूक पकडली, तीच आता लहान मुलीसारखी म्हणाली, "वहिनी, आपण दोघी थोडा वेळ आत बसू या? एकदाच. पंखा बंद करते मी."

हिने रोपांकडे पाहिलं. बसावंसं तर तिलाही किती वाटत होतं!

"बसू," ती म्हणाली. "पण पंखा चालू राहू दे."

दोघी एकाच स्टुलावर दाटीवाटीने बसल्या. पंखा घरघरत होता, म्हणून त्यांना मोठ्याने रडावं लागलं.