दियामान्तिनाची युक्ती

आमच्या कोर्फू बेटावर ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराच्या घंटा झाल्या की आम्ही पाण्याने भरलेले मातीचे घडे गॅलरीतून खाली रस्त्यावर फोडतो. का, ते मला विचारू नका. आजोबा फोडायचे, वडील फोडायचे, म्हणून आम्ही फोडतो. आमच्या गल्लीत लहान घडे आधी फुटतात आणि दोन मोठे शेवटी, एकामागून एक. एक माझ्या बायकोचा, दियामान्तिनाचा, आणि दुसरा समोरच्या झाम्बेताचा. कोणाचा आवाज मोठा, ते खालची गर्दी ओरडून सांगते. एकतीस वर्षं दियामान्तिनाच जिंकली.

डिसेंबरात ती गेली. या वर्षी खिडक्या उघडायच्याच नाहीत, असं मी ठरवलं होतं.

गुरुवारी दारात एक म्हातारी बॅग घेऊन उभी राहिली. नाव एवान्थिया, योआनिना शहरातल्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. आमची मागची खोली तिने शरद ऋतूतच फोनवर ठरवली होती, आणि बायकोने मला त्यातलं काही सांगितलं नव्हतं.

"घडा मी फोडणार आहे हं," ती म्हणाली. "तुमच्या मिसेसनी तसा शब्द दिलाय."

मी तिला सगळं सांगितलं. ती बॅगेवरच बसली. बॅग उचलत म्हणाली, "मग मी जाते परत."

"खोली आहे, राहा," मी म्हणालो. "घडा मात्र नाही."

शुक्रवारी तिला शहर दाखवायला नेलं. माझी उभी हयात घोडागाडीतून लोकांना हेच दाखवण्यात गेली. जुना किल्ला चढताना ती माझ्या पुढे होती. वर तोफांपाशी उभा राहून मी सांगायला लागलो, तर तिने हात वर केला.

"पुरे. मिसेस म्हणाल्या होत्या, नवरा शहर छान दाखवील, पण मध्ये मध्ये थांबवा, नाहीतर प्रत्येक दगडाची कुंडली मांडत बसेल."

मला हसू आलं. डिसेंबरपासून पहिल्यांदाच. दियामान्तिना असंच म्हणाली असणार, शब्दन्‌शब्द. मग आम्ही पेठेत आल्याचं सरबत प्यायलो, आणि तिथेच मी ठरवलं की दियामान्तिनाने दिलेला शब्द मोडायचा नाही.

पण शनिवारी सकाळी सगळी दुकानं पालथी घातली तरी मोठा घडा कुठे मिळेना. दहा वाजता रिकाम्या हाताने घरी आलो. समोर झाम्बेता गॅलरीत उभी होती. तिच्या मागे दोन घडे दिसत होते.

"झाम्बेता, एक घडा दे. पाहुणीसाठी हवाय."

"देते की, स्तामाती. पण फुकट नाही."

"काय घेशील?"

"तुझी बायको काय करायची ते सांग. एकतीस वर्षं माझी झोप उडवली तिने. घड्यात काय घालायची? मीठ? शिसं?"

मी एवान्थियाकडे बघितलं. ती बाह्या वर सारून तयारच होती.

"काही घालत नव्हती," मी म्हणालो. "काठोकाठ भरायची आणि कठड्यावरून नुसता सोडायची. फेकायची नाही. फेकला की तो हवेत उलटतो, पाणी आधीच सांडतं. सोडला की बुडावर उभाच्या उभा पडतो."

झाम्बेताने कठड्यावर हात आपटला.

"चोरा! प्रवाशांना मारतोस तशा थापा सुतकातसुद्धा मला मारतोस? नुसता सोडायचा म्हणे!"

"खरं तेच सांगतोय."

"ने घडा. तुझ्या बायकोपायी देते, तुझ्यापायी नाही. आणि कठड्यावर सणाचं लाल फडकं बांधू नकोस हो, सुतक आहे."

आम्ही खिडक्या उघडल्या. घडा कठड्यावर ठेवून मी बादलीने भरला. खाली पोलिसांनी गर्दी दोरीच्या मागे सारली. घंटा वाजल्या, लहान घडे तडातड फुटले. मग समोर झाम्बेताने दंड थोपटले, घडा डोक्यावर उचलला आणि जीव खाऊन फेकला. तो हवेत पालथा झाला. पाणी आधी पडलं, मागून घडा. फद्द! लोक हसले.

आता आमची पाळी. घडा उचलायची एवान्थियाच्या अंगात ताकदच नव्हती. तिने तो दोन्ही हातांनी कडेपर्यंत सरकवला, डोळे मिटले आणि सोडून दिला.

खिडक्यांची तावदानं हादरली. पाणी समोरच्या दुकानाच्या पाटीपर्यंत उडालं. गर्दी सवयीने "दियामान्तिना! दियामान्तिना!" ओरडायला लागली. ते नाव इतक्या गळ्यांतून ऐकून मी कठडा धरला. एवान्थिया मात्र वाकून सगळ्यांना नमस्कार करत होती.

झाम्बेता समोरून बोट रोखून ओरडली, "स्तामाती! तू खरं बोललास?"

"बोललो की!"

"मेल्या, इतकी वर्षं एवढं खोटं बोलत आलास, मग आजच कशाला खरं बोलायचं होतं!" असं म्हणून ती कठड्यावर कपाळ टेकून हसायला लागली. मग मीही हसलो. हसता हसता डोळे भरून आले, पण ते पुसायला मी आत गेलो नाही.